यंत्र आणि गृहस्थ : स्कूटरचें पेट्रोल कोठें अडतें?

१९७२ सालीं बाजारांत आलेली बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक आजहि कित्येक घरांतून वडिलांची आठवण म्हणून जपली जाते. ती वारंवार बंद पडूं लागली, कीं घरांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, इंजिन खोला. बहुधा दोहोंचीहि गरज नसते. पेट्रोलची वाट कोठें अडली आहे, एवढेंच शोधावयाचें असतें.

या स्कूटरला पेट्रोलचा पंप नाहीं. सीटखालच्या टाकींतून पेट्रोल स्वतःच्याच वजनानें कार्ब्युरेटरमध्यें उतरतें. टाकींत पेट्रोल आहे, कॉक उघडा आहे, हें पाहून आठदहा किका माराव्या व प्लग काढून पाहावा. तो ओला असेल, तर पेट्रोल पोंचत आहे. दोष ठिणगीचा, किंवा चोक ओढलेला राहिला असेल. कोरडा असेल, तर नळीचें कार्ब्युरेटरकडील टोक सोडवून बाटलींत धरावें. अखंड धार आली, तर अडथळा पुढें, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं असलेल्या बारीक जाळींत, सुईंत अथवा जेटमध्यें आहे. थेंबथेंबच आलें, तर टाकीचें झांकण उघडावें. लगेच धार लागली, तर झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे. तरीहि न लागली, तर कॉकची जाळी किंवा नळी गाळानें भरली आहे. जेट हवेनें फुंकून साफ करावें. त्यांत तार घालूं नये. छिद्र मोठें झालें, तर मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें.

हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. या इंजिनाला वंगणाचें तेल पेट्रोलमधूनच मिळतें. पेट्रोल कमी पोंचलें, कीं तेलहि कमी पोंचतें. इंजिन तापतें, आणि भर वेगांत पिस्टन जखडून मागचें चाक अकस्मात् थांबूं शकतें. अशा वेळीं तत्काळ क्लच दाबावा. चढावर दम टाकणारी स्कूटर ही पूर्वसूचनाच देत असते.

हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओल शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्यांना अपाय करतें. म्हणून स्कूटर महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामीं करावीं आणि जुनी नळी बदलावी.

हें सर्व उघड्यावर, इंजिन थंड असतां करावें. विडी, निरांजन, शेगडी दूर असावीं, मुलें त्याहून दूर. पेट्रोल उघडें असतां किक तर मुळींच मारूं नये. स्कूटर दुरुस्त होईलच. घर सुरक्षित राहिलें पाहिजे.