बांधाला सांडवा हवा, पण मापात



बांध कितीही पक्का घातला तरी सांडवा ठेवावाच लागतो. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. पण सांडवा जास्त खोल ठेवला, तर पाणी थांबतच नाही. कायद्याचेही तसेच आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली मिरांडा खटल्यात असा एक बांध घातला. ताब्यातल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी पोलिसांनी त्याला सांगायचे की, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, वकील मिळेल. हे न सांगता घेतलेल्या जबाबावर गुन्हा शाबीत करता येत नाही.

पुढे १९८० साली न्यूयॉर्कमध्ये एका बाईने रात्री पोलिसांना सांगितले, "माझ्यावर अत्याचार करणारा माणूस पिस्तूल घेऊन त्या दुकानात शिरलाय." पोलिसांनी त्याला पकडले. खांद्याला पिस्तुलाचे कव्हर होते, पण रिकामे. बेड्या घालून शिपायाने विचारले, "पिस्तूल कुठे आहे?" त्याने खोक्यांकडे मान केली. पिस्तूल तिथेच निघाले. हक्क मात्र सांगायचे राहिले होते. १९८४ मध्ये न्यायालयाने ठरवले की, लोकांच्या जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरता प्रश्न आधी विचारला तरी चालेल.

पोराने फवारणीचे औषध प्यायले तर डॉक्टर आधी "कोणते औषध?" असे विचारतात. बाटली उघडी कुणी ठेवली, हे नंतर.

पण न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोध नोंदवला. माणूस बेडीत, भोवती चार पोलीस, दुकानात गिऱ्हाईक नाही, मग धोका कुणाला? शंका रास्त होती. २०१३ च्या बोस्टन बॉम्बस्फोटानंतर याच सवलतीखाली जखमी संशयिताची दवाखान्यात तासन्‌तास चौकशी झाली. सांडवा असा रुंदावत जातो.

आपल्याकडे रीत वेगळी आहे. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. मात्र ताब्यातल्या माणसाच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात येते. हा नियम १८७२ च्या कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमात आहे. पण वस्तू काढून घ्यायची म्हणून मारझोड करण्याची मुभा कुणालाच नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे घटनेचे कलम २० सांगते.

उद्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि संशयावरून शेजारच्या पोराला नेले, तर एवढे ध्यानात ठेवा. अटकेचे कारण सांगावे लागते. वकिलाचा सल्ला घेता येतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. साक्षीसाठी बायका, १५ वर्षांखालची मुले आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही. त्यांना घरीच विचारायचे असते.

मोटार तुमची असली तरी त्या पोरामागे गावातली दोन जाणती माणसे पाठवा, आणि नेल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. चोर दुसराच निघाला, तर त्या पोराच्या घराशी तुमचा बांधाला बांध आहे.