आजोबांचा कागद

मुलीची बारावी झाली की अनुसूचित जातींच्या घरोघरी जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याची शोधाशोध सुरू होते. तालुक्याला खेपा घालण्याआधी मोबाईलवर एवढे करावे. महाभूलेखवर गाव निवडून काकांच्या नावाने सातबारा काढावा. नावापुढे कंसात फेरफार क्रमांक असतो. आपला जिल्हा ‘आपले अभिलेख’वर असेल तर तेथे जुने फेरफार मागे मागे पाहत जावे. वारसनोंदीत आजोबा, पणजोबा, चुलते, सगळे भेटतात! आडनाव मात्र धरून बसू नये, पुष्कळांनी ते पुढे बदलले. जमीनच नव्हती अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. त्यांनी आजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर पाहावे, आणि जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागावी.