कौतुकाची वाट पाहणं पुरे

“इतकं केलं मी सगळ्यांचं, पण कुणी कधी चांगलं म्हटलं नाही.” सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांकडून हे वाक्य फार वेळा ऐकायला मिळतं. बहुधा ते शेवटी येतं, उठता उठता. तक्रार म्हणून ते नोंदवावं असं तिलाही वाटत नाही. नवरा मारत नाही, पीत नाही, पगार घरी आणतो. मग कुरकुर करायची तरी कशाची?

माझ्या मते ही कुरकुर गंभीरपणे घ्यायला हवी.

पंचेचाळिशीतल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नानंतर त्यांनी शिवणकाम सोडलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं चार वर्षं सगळं केलं. नवऱ्याच्या धंद्यासाठी अंगावरचे दागिने मोडू दिले. एकदा भांडणात नवरा म्हणाला, “तू विशेष काय केलंस? सगळ्याच बायका करतात.” बाईंना राग आला नाही. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडलं असेल. त्या आणखी राबू लागल्या.

खरी मेख इथे आहे. देणं वाढत जातं तसं ते दिसेनासं होतं. रोज आयतं मिळणाऱ्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो? आणि नोंद होत नाही म्हणून बाई आणखी देते. “त्याग हा स्त्रीचा दागिना” असं लहानपणापासून ऐकलेलं असतंच. पण हा दागिना अडीअडचणीला गहाणही ठेवता येत नाही!

हा एका घराचा दोष नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं वाचली, तशी पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली.

या कामाची किंमत काढली गेली ती मुख्यतः नुकसानभरपाईच्या खटल्यांत. २००१ मध्ये एका आगीच्या दुर्घटनेतली भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. म्हणजे हिशेब झाला, पण बाई गेल्यावर. जिवंतपणी हिस्सा मान्य करणारा एक निकाल मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला: नवरा परदेशात कमवत असताना घर सांभाळणाऱ्या बायकोचाही त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत वाटा आहे. गोव्यात वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता कायद्यानेच सामाईक असते. महाराष्ट्रात असा कायदा नाही. म्हणून “घर तुझंच आहे” या वाक्यावर विसंबून राहता येत नाही.

अशा बाईला आपण काय सांगतो? “मन मोठं कर”, नाहीतर “स्वतःवर प्रेम करायला शीक”. दोन्ही सल्ल्यांत घरातल्या इतरांना काहीच बदलावं लागत नाही. स्वतःची किंमत परत मिळते ती कृतीतून. एक दिवसभर आपण काय काय केलं ते कागदावर लिहावं. त्यातलं जे दुसरा धडधाकट माणूस करू शकतो, असं एक काम सांगून सोडावं. बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं असावं. घराच्या कागदावर आपलं नाव आहे का ते पाहावं, नसेल तर विचारावं. सततचा अपमान आणि बाईचं स्त्रीधन परस्पर विकणं, या दोन्ही गोष्टी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात हिंसेत मोडतात, हेही ठाऊक असावं.

“मग मी स्वार्थी नाही का होणार?” हा प्रश्न हमखास येतो. “घर मोडेल” ही भीतीही खरी असते. पण दोन दिवस दुसऱ्याने स्वयंपाक केला म्हणून मोडणारं घर एकीच्याच पाठीवर उभं होतं, एवढंच त्यातून कळतं. प्रेमाने करणं आणि प्रेम मिळावं म्हणून करणं, यांत फरक आहे. पहिल्यात “आज नाही जमणार” म्हणता येतं.

वर सांगितलेल्या बाईंनी शिवणयंत्र पुन्हा सुरू केलं. पैसे त्यांच्या खात्यात जमा होतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक मुलगा आणि नवरा करतात, कुरकुरत का होईना. नवऱ्याने अजून “चांगलं केलंस” म्हटलेलं नाही. पण बाईंचं त्या शब्दांवाचून आता अडत नाही.

मैत्रिणींनो, पोचपावती जरूर मागावी, तो आपला हक्क आहे. पण ती हाती पडेपर्यंत जगणं थांबवून ठेवू नये.