परसातले स्वयंसेवक आणि हातातला पंप

मागील पावसाळ्याच्या अखेरीस हातकणंगल्याला एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला. घर दगडी जोत्याचे, पुढे तुळशीवृंदावन आणि मागे दीड-दोन गुंठ्यांचे परस. परसात वांगी, भेंडी, मांडवावर दोडका, कुंपणाला शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू आणि पुरुषभर उंचीचा कडीपत्ता. सोप्यात भारतमातेची तसबीर, गोठ्यात देशी गाय. सकाळी चहा घेताना यजमान युरियाने नासलेल्या जमिनीविषयी आणि गोमूत्राच्या महतीविषयी अत्यंत पोटतिडकीने बोलत होते. चहा संपला. त्यांनी पडवीतला पाठीवरचा पंप काढला, एका बाटलीतून झाकणभर पांढरट द्रव पाण्यात ओतला आणि ते वांग्यांकडे निघाले. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता.

"हे काय?" मी विचारले.

"काही नाही हो, जरा मावा पडलाय. औषध मारून घेतो."

दुपारी पानात भरली वांगी होती. ती आदल्या दिवशी तोडलेली आहेत, असे वहिनींनी आवर्जून सांगितले आणि मी ती खाल्लीही. परंतु 'औषध' हा शब्द काही केल्या घशाखाली उतरेना.

मराठीत 'औषध' हा किती मोठा शब्द! धन्वंतरीच्या कलशापासून आजीबाईच्या बटव्यापर्यंत सारी करुणा त्यात सामावलेली. तोच शब्द आपण जिवाचा घात करणाऱ्या द्रवाला बहाल करून टाकला. कायद्याने असे केलेले नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात त्याला कीटकनाशकच म्हटले आहे. त्या कायद्याखालील नियमांनी लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण ठरवून कोणता डबा किती विषारी हे निरक्षरालाही कळावे अशी व्यवस्था केली. लाल त्रिकोणावर तर कवटीचे चित्र असते. तरीही आपल्या गावांत झाडाला 'औषध मारतात' आणि कर्जाने खचलेला एखादा दुर्दैवी जीव 'औषध प्याला' अशी वार्ताही त्याच शब्दात येते. उपचार आणि आत्मघात या दोहोंसाठी एकच शब्द वापरणाऱ्या समाजाच्या विचारात काहीतरी मुळातून बिघडले आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बाजारासाठी भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्याशी आज माझे भांडण नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, दलालाला डागरहित माल हवा आहे. त्याची अडचण निराळी. माझे भांडण तुमच्याआमच्याशी, पांढरपेशा परसवाल्यांशी आहे. फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, याचा प्रतीक्षा कालावधी प्रत्येक कीटकनाशकासोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. शेतकरी निदान तारखेचा हिशेब ठेवू शकतो. परसात असा हिशेब कोण ठेवतो? कढईत मोहरी तडतडली की हात कडीपत्त्याच्या डहाळीकडे जातो. सकाळी फवारले कोणी आणि दुपारी तोडले कोणी, याचा घरात एकमेकांना पत्ताही नसतो. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास सरकारने २००५ साली मनाई केली. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून तेवीस बालके दगावली, त्या अन्नात हेच विष उतरले होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. या बातम्या वाचून आपण हळहळलो, कंपन्यांना दूषणे दिली आणि रविवारी पंप खांद्याला लावला!

ज्यासाठी एवढे विष, तो मावा आहे तरी कोण? टाचणीच्या डोक्याएवढा, मऊ, रस शोषणारा कीटक. उष्ण हवेत त्याची मादी नराविनाच थेट पिल्ले घालते आणि आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लेही विऊ लागतात. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या जिवाने अवघी सृष्टी कशी गिळून टाकली नाही? कारण त्याला खाणारे आहेत. लाल-नारिंगी पाठीचा ढालकिडा आपण मुलांना कौतुकाने दाखवतो, पण त्याची अळी दिसली की चपलेखाली चिरडतो, कारण ती काळसर, काटेरी, इवल्याशा सुसरीसारखी दिसते. ही कुरूप अळीच मोठे होईपर्यंत काही शे मावा फस्त करते. फुलांवर हेलिकॉप्टरसारखी एका जागी तरंगणारी सिरफिड माशी आपण मधमाशी समजतो. तिची अळी माव्यातच वाढते. हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा पानावर केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकाला अंडी घालतो. जपानमध्ये या अंड्यांना 'उदोंगे' म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्मासोबत तिकडे गेलेल्या आपल्या 'उदुंबर' शब्दावरून आला. दुर्मीळ म्हणून ज्या उंबराच्या फुलाची आपल्याकडे म्हणच झाली, ते त्यांना या अंड्यांत दिसले. आपण मात्र ती रोगाची लक्षणे समजून पान तोडून टाकतो.

आता पंपाचा व्यवहार पाहा. फवारणीत मावा मरतो, तसेच हे सारेही मरतात. थोडाफार मावा पानाच्या घडीत, शेजारच्या परसात वाचतोच. तो दहा दिवसांत पुन्हा गोकुळ मांडतो. ढालकिड्याची एक पिढी पुरी व्हायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे शत्रू आधी परततो, रक्षक मागाहून. तोवर आपण दुसरी फवारणी केलेली असते. पहिल्या बाटलीने दुसऱ्या बाटलीची गरज निर्माण करावी, असा हा धंदा आहे. मावा हा या धंद्याचा बिनपगारी विक्रेता आणि ढालकिडा हा आपला बिनपगारी स्वयंसेवक. आपण नेमके स्वयंसेवकाला मारतो आणि विक्रेत्याला वाढवतो.

निदान हातकणंगले तालुक्याला तरी हे शिकवावे लागू नये. हा वारणा-पंचगंगेच्या दुआबातला उसाचा मुलूख. २००२ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची शिवारे त्याने पांढरी केली. पानांखाली लोकरीचे थर, खालच्या पानांवर चिकट स्राव, त्यावर काळी बुरशी. त्या काळी या भागात फिरताना शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावरची हवालदिल अवस्था ज्यांनी पाहिली, ते ती विसरणार नाहीत. पंप निघाले, भुकट्या निघाल्या. परंतु दहा-बारा फूट वाढलेल्या उसात माणूस शिरणार कसा आणि फवारणार काय? अखेर यश कोणी दिले? डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने, मायक्रोमस या तपकिरी जाळीदार पंखांच्या कीटकाने आणि ईशान्य भारतातून आणून सोडलेल्या एनकार्सिया या सूक्ष्म परजीवी माशीने. कृषी शास्त्रज्ञ गावोगाव सांगू लागले, की उसात हे मित्रकीटक दिसत असतील तर फवारू नका. एका शेतातील मित्रकीटकांची पाने कापून दुसऱ्या शेतात बांधा. दोन-तीन हंगामांत लोकरी माव्याचा कणा मोडला. लाखो रुपयांच्या डब्यांना जमले नाही, ते नखाएवढ्या अळ्यांनी करून दाखवले!

आज त्याच तालुक्यातल्या किती घरांत डिफाचे नाव ठाऊक आहे? आणि पाच कीटकनाशकांची नावे मात्र शाळकरी मुलगाही घडाघडा म्हणेल. कारण उघड आहे. डिफा कोणी विकत नाही. त्याचा फलक एसटी स्टँडवर लागत नाही, त्याच्या नावाची टोपी आणि दिनदर्शिका दुकानदार वाटत नाही. जे विकले जात नाही ते ज्ञानच नव्हे, हा पाश्चात्त्य बाजारपेठेने आपल्या गळी उतरवलेला सिद्धांत आपण किती निमूटपणे स्वीकारला! कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेच्या कृषी खात्याने आणि एका अमेरिकी कंपनीने युरोपात पेटंट मिळवले, तेव्हा आपल्याला संताप आला. म्युनिचच्या पेटंट कार्यालयात लढा झाला, २००० साली ते पेटंट रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले गेले. स्वदेशीच्या चळवळीचा तो अभिमानाचा क्षण होता. मग दारचा निंब परकीयांच्या हातून सोडवणाऱ्या आपणच त्याच निंबाखाली पिवळ्या त्रिकोणाची बाटली का उघडतो?

आपल्यातील काहींना येथे आवरावेसेही वाटते. 'देशी' म्हटले की सारे निरुपद्रवी, हाही भ्रमच. तंबाखूचा काढा मावा मारतो, तसा ढालकिडाही मारतो. रॉकेल-साबणाचे मिश्रण कोणाचीही जात पाहत नाही. निंबोळी अर्क तुलनेने सौम्य खरा. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवून गाळावा, एक लिटर पाणी करावे आणि मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावे. पण तोही लागेल तेथे आणि लागेल तेव्हाच. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांच्या रोगांवर उपचार सांगितले आहेत. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाल्यावर जगाचे लक्ष तिकडे गेले, याचा सार्थ अभिमान बाळगावा. मात्र अंड्यात अंडे घालणारी ट्रायकोग्रामा माशीही आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, असा दावा करण्याची काही गरज नाही. पूर्वजांनी निरीक्षण केले, आपण ते सोडले. लाज वाटायची तर याची वाटावी. तमिळनाडूत २००८ साली पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला आणि महाराष्ट्रापर्यंत पसरला, तेव्हा बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली त्याचा परजीवी शत्रू पोर्टो रिकोहून आणला आणि संकट आटोक्यात आले. तो परदेशी म्हणून कोणी नाकारला नाही. स्वदेशी म्हणजे डोळ्यांवरची झापडे नव्हेत.

आमचे पुरोगामी मित्र यावर हसून म्हणतील, की किड्यामुंग्यांच्या भरवशावर शेती ही अंधश्रद्धा आहे. त्यांनी बंगळुरूला जावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था तेथे याच 'अंधश्रद्धे'वर काम करते. किंवा त्यांनी अल्बर्ट हॉवर्ड वाचावा. हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली भारताला शेती शिकवायला पुसा येथे आला आणि इथल्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींनाच गुरू मानून परतला. साहेबाला जे उमगले, ते साहेबाच्या शाळेत शिकलेल्या आम्हाला उमगू नये, यालाच मानसिक गुलामी म्हणतात. एवढे लांबही जायला नको. श्री. अ. दाभोळकरांचा 'प्रयोग परिवार' कोल्हापूरचाच; घरच्या कचऱ्यातून आणि सूर्यप्रकाशातून गच्चीवरही भाजी पिकते, हे त्यांनी सामान्य माणसाच्या हातून करवून दाखवले. कणेरीच्या सिद्धगिरी मठात आजही सेंद्रिय शेती पाहायला मिळते.

रात्री जेवणानंतर यजमानांशी यावर बराच वाद झाला. तालुक्यात कुंभोज-बाहुबलीचे क्षेत्र, शेजारी जैन घरे, तेव्हा प्रश्न अपेक्षितच होता: "ढालकिडा मावा खातो ती हिंसा नाही होय?" आहे. सृष्टीत ती आहेच. पण ढालकिडा भुकेपुरते खातो, आणि मावा संपला की निघून जातो. पंप भूक जाणत नाही. १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत पं. दीनदयाळजींनी परस्परपूरकतेचा विचार मांडला तो याच सृष्टीकडे पाहून. वाद ऐकत बसलेल्या आजी मध्येच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पहाटं दहिवर असतानाच पानांवर राख टाकायच्या. औषध फक्त माणसाला असतंय म्हणायच्या." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग बोलणे व्यवहारावर आले. ठरले ते असे, की पंप माळ्यावर जाईल आणि एक हंगाम वाट पाहिली जाईल. माव्याने भरलेले शेंडे खुडायचे, बाकीचा पाण्याच्या धारेने धुवायचा. माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करणाऱ्या मुंग्यांना अडवायला शेवग्याच्या बुंध्याला ग्रीसचा पट्टा ओढायचा. कोथिंबीर-बडीशेपेचे चार वाफे फुलू द्यायचे, बांधाला झेंडू लावायचा, कारण मित्रकीटकांना मधही लागतो. कुंभारमाशीने खिडकीवर मातीचे घर बांधले तर ते पाडायचे नाही. त्यात ती पिल्लांसाठी अळ्याच कोंडते. आणि मारण्याआधी ओळखायचे. वांग्यावर मळकट, लवदार, अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा दिसला तर तो पाने खाणारा. चकचकीत पाठीचा दिसला तर तो आपला. पहिला वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा.

संक्रांतीच्या सुमारास यजमानांचा फोन आला. वांग्याची तीन झाडे गेली होती, शेंडेअळीने. ते जरा चिडलेलेच वाटले. उरलेल्या नऊ झाडांवर मावा नाही, कडीपत्त्यावर ढालकिड्याची अंडी सापडली आणि नातू वहीत त्यांची चित्रे काढतो आहे, हे मात्र त्यांनी शेवटी सांगितले. पंप विकून टाकावा का, असे विचारत होते. मी म्हटले, विकू नका. तो पुन्हा कोणाच्या तरी परसात जाईल.