मोठा कॅमेरा कुणाला द्यायचा?



गेल्या दिवाळीत फराळाची ताटं समोर असताना आमच्या घरात एक लहानसं भांडण झालं. निमित्त मीच. माझ्या कपाटात दोन जुने डिजिटल एसएलआर कॅमेरे आहेत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते फारसे बाहेर निघत नाहीत. म्हणून मी जाहीर केलं, की एक पुतणीला आणि एक भाच्याला देऊन टाकायचा. वाटलं होतं दोघं खूश होतील. झालं उलटंच. दोघांनाही एकच कॅमेरा हवा होता, तो 'मोठा'.

पुतणी प्राणिशास्त्र शिकते आणि थंडीत पहाटे उठून पक्षी बघायला जाते. ती म्हणाली, "काका, फुल फ्रेम म्हणजे भारीच ना! पक्ष्यांसाठी तोच द्या." भाचा नोकरी करतो. नातेवाइकांच्या आणि आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढावेत, ही त्याची हौस. तो म्हणाला, "मामा, मी वयानं मोठा, मोठा कॅमेरा माझा." सौ.नी चकलीचा डबा पुढे सरकवत निकाल दिला, "आधी दोघांना दोन्ही वापरू द्या, मग ठरवा." घरातले चांगले निर्णय बहुधा स्वयंपाकघरातूनच येतात!

तर आज या दोन कॅमेऱ्यांबद्दल. मंडळातल्या पुष्कळ घरांत असे कॅमेरे पडून असतील, आणि जुना कॅमेरा विकत घेऊ का, असं विचारणारेही बरेच भेटतात.

पहिला कॅनन ५डी मार्क टू, २००८ सालचा. दुसरा कॅनन ७डी, २००९ सालचा. वजन जवळजवळ सारखं, आठशे ग्रॅमच्या थोडं वर. दोघांना बॅटरी एकच लागते, कार्डही एकाच जातीचं, ते जुनं जाडजूड सीएफ कार्ड. शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. फरक पोटात आहे. ५डीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या रोलच्या एका चौकटीएवढा. त्यालाच फुल फ्रेम म्हणतात. ७डीचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलंत तर ५डीचा अडीचपटीहून मोठा भरतो. पिक्सेल मात्र ५डीत २१ मेगापिक्सेल आणि ७डीत १८, म्हणजे फार फरक नाही. भाकरी मोठी आणि तुकडे जवळपास तेवढेच, तर प्रत्येक तुकडा मोठा. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो, म्हणून अंधारात काढलेल्या फोटोत दाणे कमी दिसतात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजतं.

जानेवारीत पुतणीला घेऊन डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. २०२१ मध्ये तो रामसर यादीतही गेला. हिवाळ्यात तिथे मध्य आशियातून हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. ते बघताना बडोद्याच्या थंडीचीही तक्रार करू नये असं वाटतं.

माझ्याकडे ४०० मिलिमीटरची एक जुनी लेन्स आहे. तीच आलटून पालटून दोन्ही कॅमेऱ्यांना लावली. ५डीत पाहिल्यावर पुतणीचा चेहरा उतरला. "काका, पक्षी लांब गेला!" पक्षी तिथेच होता. ७डीचा सेन्सर लहान असल्यामुळे तो चित्राचा फक्त मधला भाग टिपतो, आणि त्यामुळे ४०० ची लेन्स ६४० सारखी वाटते. ती म्हणाली, "मग ५डीचा फोटो घरी जाऊन कापला तर?" प्रश्न बरोबर होता. कापता येतो. पण ७डीएवढी चौकट उरेपर्यंत ५डीचा फोटो कापला, तर २१ मेगापिक्सेलमधले जेमतेम ८ हातात राहतात. ७डीत त्याच चौकटीत पूर्ण १८ असतात. पिसांची रेघ न् रेघ हवी असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

तेवढ्यात थवा उठला. ७डी सेकंदाला ८ फोटो काढतो, ५डी चारसुद्धा नाही, ३.९. थवा पाण्यावरून उठायला तीन सेकंद लागले असं धरा. एकात चोवीस संधी, दुसऱ्यात अकरा-बारा. शिवाय ७डीत फोकसचे १९ बिंदू आहेत आणि सगळे क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. ५डीत मुख्य बिंदू नऊ, आणि त्यातला भरवशाचा एकच, मधला. उडता पक्षी काही चौकटीच्या मधोमध थांबत नाही.

७डीचं कौतुक चाललंय म्हणून त्याची खोडही सांगतो. मोकळ्या निळ्या आकाशात, आयएसओ ४०० वरसुद्धा, बारीक दाणे दिसतात. छापल्यावर फारसे जाणवत नाहीत, पण संगणकावर मोठं करून बघायची सवय असेल तर मन खट्टू होतं. परतीच्या वाटेवर शेव-उसळ खाताना पुतणी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून मान वर काढायला तयार नव्हती. तिचा निर्णय झाला होता.

आता भाचा. त्याला एका संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी बोलावलं. माझ्या मोठ्या वहिनी अजून तिथेच राहतात. वय झालंय, पण दिवेलागणीला देवघरात बसल्या की तासभर उठत नाहीत. खोली लहान, भिंती जुन्या, एक ट्यूबलाइट आणि समई. दोन्ही कॅमेऱ्यांना आळीपाळीनं ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची छोटी लेन्स लावली.

७डी हातात असताना भाचा मागे सरकत सरकत फडताळाला टेकला, तरी वहिनी आणि देव्हारा एका चौकटीत मावेनात. तळ्यावर जो गुण होता, तोच इथे अडचण झाला. ५डी घेतल्यावर त्याच जागेवरून देव्हारा, समई, वहिनी आणि त्यांच्या मांडीवरची पोथी, सगळं मावलं. आयएसओ ३२०० वर ७डीत वहिनींच्या गालावर दाणे आले. ५डीत सुरकुत्या सुरकुत्यांसारख्या दिसल्या. माझ्या अंदाजानं या बाबतीत ५डी सव्वा स्टॉप पुढे आहे, म्हणजे साधारण अडीचपट कमी उजेडातही तो तसंच काम करतो. इथे कुणी उडून जाणार नव्हतं, त्यामुळे ३.९ चा वेग पुरेसा होता. मधल्या बिंदूनं डोळ्यावर फोकस धरायचा, मग चौकट जुळवायची, एवढीच सवय लावून घ्यावी लागते.

थोडक्यात, लांबचं आणि पळणारं असेल तर ७डी, जवळचं आणि अंधारातलं असेल तर ५डी. यात लहान-मोठा कुणी नाही.

हे सगळं ऐकून पुतणीनं विचारलं, "पण काका, तुम्ही तर आधी पक्ष्यांचेच फोटो काढायचात. मग दुसरा कॅमेरा घेतलात कशाला?"

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आज सांगतो.

२०११ साली आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं, त्याच घरात. माझ्याकडे तेव्हा फक्त ७डी होता आणि त्याबरोबर आलेली १८-१३५ ची लेन्स. घरात कॅमेरेवाला मीच, म्हणून फोटोंसाठी कुणाला बाहेरून बोलावलं नाही. मीच नको म्हटलं. औक्षणाच्या वेळी घरातल्या बायकांनी तबकं दिव्यांनी भरली आणि ट्यूबलाइट बंद करायला लावली. आईच्या चेहऱ्यावर तेवढाच उजेड. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती.

मी खोलीच्या टोकाला उभा राहून झूम लांब केला. त्या टोकाला ती लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ३२०० करूनही शटर स्पीड १/२५ च्या वर जाईना. तबक ओवाळलं जात होतं, आई हसत होती, मान हलवत होती, आणि माझ्या चौकटीत सगळं फरफटत होतं. घाबरून एकदा कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडला. दिव्यांचा उजेड पार पुसला गेला आणि आईचे डोळे मिटलेले आले. सत्तरच्या वर फोटो काढले, धड एकही नाही. पुढच्या वर्षी आई गेली.

त्यानंतर काही महिन्यांतच मी वापरलेला ५डी घेतला. सगळ्यांना सांगितलं, की फुल फ्रेम असता तर फोटो आले असते. मलाही तेच खरं वाटत होतं. त्याच्याबरोबर ती ५० ची स्वस्त, प्लॅस्टिकची लेन्स घेतली. मग एका रात्री सहज हिशेब मांडला. ५डीच्या सेन्सरमुळे मला मिळाला असता सव्वा स्टॉप. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स असती, तर जवळजवळ दहापट प्रकाश आत आला असता. १/२५ च्या जागी १/२५०. म्हणजे त्या दिवशी हातात जो ७डी होता, तोच पुरला असता. कमी होती ती फक्त एका छोट्या लेन्सची, कॅननच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एकीची. आणि त्या लेन्सला झूम नसतो, त्यामुळे मला आईच्या चार पावलं जवळ जावं लागलं असतं.

कॅमेऱ्याचा दोष नव्हता. मी तळ्याकाठचं सामान घेऊन देवघरात गेलो होतो.

म्हणून कुणी 'यातला कोणता चांगला' असं विचारलं, की मी उलट विचारतो. काय टिपायचंय? किती लांबून? कुठल्या उजेडात? या तीन उत्तरांवर आधी लेन्स ठरते आणि मग कॅमेरा. आपण नेमकं उलट करतो. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालतो आणि लेन्स सोबत येईल ती घेतो.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

एक, या दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर साधारण १,५०,००० फोटोंच्या हिशेबानं बनवलेलं आहे. किती झाले ते फोटोच्या माहितीत दिसत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं बघावं लागतं. विकणारा दाखवायला तयार नसेल तर घाई करू नका.

दोन, सीएफ कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून बघा. आतल्या बारीक पिना वाकलेल्या असतील तर नको म्हणा. आणि कार्ड वाचणारा रीडर लक्षात ठेवून घ्या, नव्या लॅपटॉपला ती खाच नसते.

तीन, एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होऊ शकते. लेन्समध्ये मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

चार, ७डीबरोबरच्या १८-१३५ सारख्या ईएफ-एस लेन्स ५डीला बसत नाहीत. ५डीच्या लेन्स मात्र ७डीला बसतात. आणि मंडळाचं नाटक सलग चित्रित करायचा विचार असेल तर दोन्ही नकोत. एक क्लिप साधारण १२ मिनिटांत थांबते, आणि चित्रीकरण चालू असताना फोकस आपला आपण सांभाळावा लागतो.

तर निकाल असा लागला. पुतणीला ७डी, ४०० ची लेन्स आणि १८-१३५. भाच्याला ५डी आणि ५० ची लेन्स. आणि पुतणीसाठी मी आणखी एक ५० ची लेन्स विकत आणली. ती म्हणाली, "काका, मला पक्ष्यांसाठी हिचा काय उपयोग?" म्हटलं, "पक्ष्यांसाठी नाही. घरी आजी आहे ना? दिवे लागल्यावर तिच्याजवळ जाऊन बस आणि काढ."

आईच्या औक्षणाचा एक फोटो मी छापून घेतला आहे. चेहरा हललेला, दिव्यांच्या नुसत्या रेघा. बघणाऱ्याला त्यात काही कळत नाही. मला कळतं, म्हणून तो टेबलावर आहे.

पुढच्या अंकात लेन्सच्या बुरशीबद्दल सविस्तर बोलू. तोवर कपाटातला कॅमेरा जरा बाहेर काढून ठेवा, आणि बॅटरी चार्ज करा.