कळफलकालाही कान असतात

पासवर्ड लांबलचक ठेवा, त्यात एक कॅपिटल अक्षर घाला, एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, कुणाला सांगू नका. बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळे आपल्याला हे बजावत असतात आणि सल्ला चुकीचा मुळीच नाही. पण तो पासवर्ड ज्या संगणकावर टाइप करायचा, तो संगणक कुणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही. दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा कीलॉगर आत बसलेला असेल, तर सोळा अक्षरी पासवर्ड आणि ‘१२३४’ यांत त्याच्या लेखी फरक फक्त बारा कळांचा. त्याला काही ओळखावं लागत नाही, फोडावं लागत नाही. आपणच एकेक अक्षर त्याच्या हातावर ठेवत असतो.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९९९ साली एफबीआयने नेमकं हेच केलं. निकोडेमो स्कार्फो ज्युनियर या संशयिताने आपली एक फाइल पीजीपी या कूटलेखनाच्या प्रोग्रामने कुलूपबंद करून ठेवली होती आणि ते कुलूप काही उघडेना. तेव्हा न्यायालयाची परवानगी काढून त्याच्या कार्यालयातल्या संगणकात कळा टिपणारी यंत्रणा बसवली गेली. पासवर्ड मिळाला. तो होता तुरुंगात असलेल्या वडिलांचा कैदी क्रमांक. तिथे निदान परवानगी तरी घेतली होती.

एचपीच्या लॅपटॉपांचं प्रकरण वेगळ्या जातीचं. मे २०१७ मध्ये मॉडझीरो या स्विस सुरक्षा कंपनीला दिसलं, की एचपीच्या काही लॅपटॉपांत आवाजाच्या ड्रायव्हरबरोबर ‘मिकट्रे’ नावाचा एक प्रोग्राम येतोय. ड्रायव्हर कोनेक्संट कंपनीचा. माइक बंद-चालू करायची खास कळ कुणी दाबली का, एवढंच या प्रोग्रामने बघायचं. ती एक कळ सापडावी म्हणून तो सगळ्याच कळा ऐकत होता. ऐकून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो त्या कळा सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात एका साध्या फाइलीत उतरवून ठेवत होता. त्या संगणकावर खातं असलेल्या कुणीही ती फाइल उघडून वाचावी. दर लॉगिनला ती पुसली जाऊन नव्याने सुरू व्हायची, पण जे नेमाने बॅकअप घेतात त्यांच्या बॅकअपमध्ये जुन्या प्रती राहण्याची सोय होतीच. चाचणीपुरता लिहिलेला तुकडा काढायचा राहून गेला, असा खुलासा झाला आणि दुरुस्तीही आली. हेतू वाईट नव्हता हे मान्य. पण ज्याचं बँकेचं लॉगिन त्या फाइलीत उतरलं, त्याने त्या हेतूचं काय लोणचं घालायचं?

संगणकावरची हेरगिरी म्हटलं की आपल्याला दूरदेशी बसलेला कुणी हॅकर आठवतो. तसे हॅकर आहेत, आणि ते गंमत म्हणून काम करत नाहीत. ‘लुमा’ या पासवर्डचोर प्रोग्रामची लागण झालेले तीन लाख चौऱ्याण्णव हजार विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत सापडले. हे चोर कळा टिपायची वाटही पाहत नाहीत, ब्राउझरने साठवलेले पासवर्ड थेट उचलतात. ब्राउझर ते पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं, पण कुलपाची किल्ली बराच काळ विंडोजच्या लॉगिनलाच बांधलेली होती. म्हणजे तुमच्या नावाने आत शिरलेला कुठलाही प्रोग्राम घरचाच माणूस ठरायचा. क्रोमने २०२४ मध्ये हे थोडं कडक केलं. फायरफॉक्समध्ये वरून आणखी एक पासवर्ड लावता येतो, पण तो आपण होऊन चालू करावा लागतो. आणि ज्या घरात एकाच लॉगिनवर आजोबा शेअर बघतात, सून ऑफिसचं काम करते आणि नातू गेमचे फुकट ‘क्रॅक’ उतरवतो, तिथे घरचा कोण आणि बाहेरचा कोण हे संगणकाने ओळखायचं तरी कसं?

पण या दूरच्या चोराला निदान सगळे चोर म्हणतात. जवळचा माणूस त्यातून सुटतो, कारण संगणक त्याच्या मालकीचा असतो.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कुठल्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. अकरावीचा अर्ज, सीईटीनंतरचा प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, सगळं त्या एका खुर्चीवरून चाललेलं असतं. ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ ‘ठेव तूच काहीतरी, लक्षात राहील असा.’ मग मुलीचं नाव, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन. तो पासवर्ड अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला जातो, दुकानातल्या वहीतही जातो, आणि ब्राउझरने ‘साठवू का?’ विचारलं की दुकानदार ‘हो’ दाबतो. दाबणारच. उद्या हीच मुलगी पसंतीक्रम बदलायला येणार आहे, तिला पासवर्ड आठवणार नाही आणि बाहेर वीस माणसं खोळंबलेली असणार. त्याला चोर म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्या एका संगणकात शेकडो पोरांचे आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड एकत्र बसलेले असतात, तिथे कीलॉगर कुणी टाकला तर दुकानदारालाही पत्ता लागणार नाही. आणि त्यानेच टाकला तर?

तर आपला कायदा अडखळतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४३ वाचा. मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती काढणं, त्यात घातक प्रोग्राम सोडणं, हे सगळं तिथे येतं. पण संगणकाचा मालक स्वतःच असेल तर परवानगी कुणाची घ्यायची? स्वतःचीच. कळफलकावर बोटं कुणाची आहेत, याचा त्या वाक्यात विचारच नाही. पुढे कलम ६६ क आहे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे चोरलेला पासवर्ड वापरला की गुन्हा. टिपून ठेवण्याबद्दल ते कलम गप्प. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पुरुषाने स्त्रीच्या ईमेल वा इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, तेवढाच आधार. बाकीच्यांनी काय करायचं?

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याकडून आशा होती. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. त्यानंतर सहा वर्षांनी हा कायदा आला. त्यात व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कामासाठी केलेली माहितीची हाताळणी सरळ वगळली आहे. मालकाने नोकरीच्या कारणासाठी, किंवा कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय हाताळायलाही मुभा आहे. हिंजवडीतल्या नोकरदाराने हे लक्षात ठेवावं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवरून तो रात्री घरचं वीजबिल भरतो, आईचे वैद्यकीय अहवाल उघडतो, बायकोशी भांडणाचे ईमेल लिहितो. लॅपटॉप कंपनीचा म्हणून त्या भांडणावरही कंपनीचा हक्क लागू होतो का? कायदा याचं सरळ उत्तर देत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न भाड्याच्या संगणकांवरून आला होता. हप्त्याने संगणक देणारी दुकानं त्यांत डिझाइनरवेअर कंपनीचा प्रोग्राम घालून देत. हप्ता थकला की ‘डिटेक्टिव्ह मोड’ चालू: टाइप केलेलं सगळं, पडद्याचे फोटो आणि वेबकॅमने घरातले फोटोही. पासवर्ड गेले, वैद्यकीय कागद गेले, लहान मुलांची आणि अर्धवट कपड्यांतल्या माणसांची छायाचित्रं गेली. संगणक दुकानाच्याच मालकीचे होते, याबद्दल वाद नव्हता. तरीही तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये डिझाइनरवेअरला आणि अशा सात कंपन्यांना हे बंद करायला लावलं. यंत्र तुमचं असलं तरी भाडेकरूच्या घरात डोकावायचा परवाना तुम्हाला मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

या पाळतीच्या प्रोग्रामांचा धंदाही मालकीच्याच आडोशाने चालतो. मुलांवर लक्ष ठेवा, नोकरांवर लक्ष ठेवा, स्वतःचा संगणक दुरून चालवा, अशी जाहिरात असते. ‘नेटवायर’ हा प्रोग्राम असाच उघड विकला जात होता. २०२३ च्या मार्चमध्ये एफबीआयने त्याच्या संकेतस्थळावर टाच आणली. हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. पुणे पोलिसांनी जून २०१८ मध्ये एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केलेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपात नेटवायर होता आणि आक्षेपार्ह फाइली त्यातूनच आत पेरल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये बचाव पक्षासाठी दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, निवाडा न्यायालय करील. पण जो प्रोग्राम दुरून आपलं टाइप केलेलं वाचू शकतो, तोच आपल्या संगणकात लिहूही शकतो, एवढं त्यातून प्रत्येकाने समजून घ्यावं.

दुरुस्ती फार मोठी लागणार नाही. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीबरोबर वापरणाऱ्याची परवानगीही घाला. पडद्यावर ठळक सूचना न देता कळा टिपणं हाच गुन्हा ठरवा. संगणक कुणाचा आणि टिपलेलं वापरलं की नाही, हे प्रश्न नंतरचे. महा-ई-सेवा केंद्राला परवाना देताना फलक आणि दरपत्रक तपासता, तर तिथला ब्राउझर पासवर्ड साठवतो का, हेही तपासा.

ते होईल तेव्हा होईल. मुलीचा प्रवेशाचा अर्ज बाहेरच्या संगणकावर भरून घेतला असेल, तर घरी आल्यावर त्याच संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर घरची बँक उघडणं आजपासून बंद करा.