औषधाच्या चिठ्ठीआधी थुंकीचा नमुना

औषधांना न जुमानणारा क्षयरोग हा मुंबईचा, फार तर नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये पोहोचलेल्या रुग्णांचा प्रश्न आहे आणि भंडारा जिल्ह्यातील लाखनीसारख्या तालुक्याच्या गावातील दवाखान्याशी त्याचा संबंध संदर्भ-चिठ्ठी लिहिण्यापुरताच येतो, अशी समजूत वैद्यक व्यावसायिकांत अजूनही आढळते. या समजुतीला एक कारण आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची माहिती पुढे आणली, तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे सरकारी व खासगी अशा सर्व डॉक्टरांवर बंधनकारक केले. परंतु त्या अहवालातील जो तपशील सर्वाधिक महत्त्वाचा होता त्याची चर्चा कमी झाली. या रुग्णांपैकी बहुतेकांना अनेक खासगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीची औषधे एकेक करून, वाटेल तशी आणि पुष्कळदा चुकीच्या मात्रेत दिली गेली होती. प्रतिरोध मोठ्या रुग्णालयात सापडला. तो घडला मात्र त्याआधी, लहान दवाखान्यांत, एकेका चिठ्ठीने.

हे कसे घडते, याचे गणित साधे आहे. क्षयाचे जिवाणू वाढताना त्यांच्या जनुकांत अधूनमधून आपोआप बदल होतात आणि एखाद्या बदलामुळे एखादे औषध त्या जिवाणूवर निष्प्रभ ठरते. आयसोनायझिडच्या बाबतीत असा जिवाणू ढोबळमानाने दहा लाख ते दहा कोटींमागे एक असतो, तर रिफाम्पिसिनच्या बाबतीत तो त्याहूनही पुष्कळ विरळ असतो. फुप्फुसात पोकळी, म्हणजे कॅव्हिटी, झालेल्या रुग्णात जिवाणूंची संख्या कोट्यवधींच्या घरात असल्यामुळे औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच कोणत्याही एका औषधाला न जुमानणारे काही जिवाणू तेथे हजर असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, रुग्णाला बरे वाटते, आणि उरलेले मूठभर जिवाणू काही आठवड्यांत सारी जागा व्यापतात. ही गोष्ट १९४८ मध्येच ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत दिसून आली होती, कारण सुरुवातीला सुधारलेले अनेक रुग्ण नंतर प्रतिरोधी जिवाणूंसह पुन्हा ढासळले आणि त्यानंतरच क्षयावर एकावेळी अनेक औषधे देण्याचा नियम रूढ झाला. उपचार फसत असताना त्यात एकच नवे औषध घालू नये, हा नियमही याच अनुभवातून आला आहे.

हे माहीत असूनही चिठ्ठ्या चुकतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धारावीतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळे उपचारक्रम लिहून दिले होते. जवळपास दोन दशकांनी, २०१० मध्ये, डॉ. उदवाडिया यांच्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ उपचारक्रम लिहिले आणि त्यांपैकी फक्त सहा चिठ्ठ्या बरोबर ठरल्या. धारावी दूर असली तरी खोकल्याचा रुग्ण आधी जवळच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जातो, तो डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो आणि पहिल्या भेटीत क्षयाचा विचारही होत नाही, ही परिस्थिती राष्ट्रीय महामार्गावरच्या लाखनीत किंवा आत चुलबंदकाठच्या पालांदुरातही वेगळी असण्याचे कारण नाही.

त्या पहिल्या भेटीतील सर्वांत घातक सवय क्विनोलोन गटातील प्रतिजैविकांची आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या माणसाला लिव्होफ्लॉक्सासिनचा आठवडाभराचा कोर्स दिला की क्षयाचे जिवाणूही काही प्रमाणात मरतात, ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि निदान पुढे ढकलले जाते. त्या आठवड्यात थुंकी तपासली तरी ती निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. रुग्णाने न्यूमोनियावर उपचार घेतला असे त्याला आणि डॉक्टरला वाटत असते, प्रत्यक्षात मात्र तो क्षयावर एकाच औषधाचा उपचार घेऊन गेलेला असतो. हे औषध दुय्यम नाही. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही प्रतिरोधी क्षयावरील उपचाराचा कणा आहेत आणि २०२४ मध्ये भारताने स्वीकारलेल्या सहा महिन्यांच्या ‘बीपाल्म’ या चार औषधांच्या उपचारक्रमातही बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड व लिनेझोलिड यांच्या जोडीला मॉक्सिफ्लॉक्सासिनच आहे. साध्या खोकल्यावर हा कणा झिजवला जातो, हे थांबलेच पाहिजे.

म्हणून क्रम बदलणे आवश्यक आहे: आधी नमुना, मग चिठ्ठी. आणि नमुना म्हणजे खरोखरच नमुना, कारण तपासणीचे यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी डबीत लाळ असेल तर उत्तर लाळेचेच मिळते. चांगला नमुना घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पूमिश्रित असतो आणि तो दोन ते पाच मिलिलिटर भरतो. लाळ पातळ, पारदर्शक व फेसाळ असते आणि ती डबी उजेडात धरली की लगेच ओळखू येते. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला सांगावे आणि छातीतून खोकून बेडका थेट डबीत टाकायला सांगावा; हे काम दवाखान्याच्या खोलीत किंवा संडासात न करता बाहेर मोकळ्या हवेत करून घ्यावे, कारण खोकताना उडणारे सूक्ष्म कण बंद जागेत तासन्‌तास तरंगत राहतात. एक नमुना त्याच वेळी व दुसरा पहाटे उठल्याबरोबरचा घेतल्यास जिवाणू हाती लागण्याची शक्यता वाढते. या पाच मिनिटांच्या कामासाठी डॉक्टरकडे वेळ नसेल तर ते आशासेविकेवर किंवा कंपाउंडरवर सोपवता येते, मात्र त्यांना लाळ व बेडका यांतला फरक एकदा प्रत्यक्ष दाखवायला हवा.

सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसण्यासाठी थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ते सुमारे पाच ते दहा हजार असावे लागतात; जिवाणूच्या जनुकद्रव्याचा शोध घेणाऱ्या सीबीनॅट व ट्रूनॅट या तपासण्यांना सुमारे शंभर-सव्वाशे पुरतात आणि त्याशिवाय रिफाम्पिसिनला प्रतिरोध आहे की नाही हेही त्या सांगतात. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील मोल्बायो या कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज कधीही जाणाऱ्या ठिकाणीही ते ठेवता येते, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. त्यात क्षयाची चिप आणि रिफाम्पिसिनची चिप वेगवेगळी असते. पहिल्या चिपवर ‘आढळला’ असे उत्तर आल्यावर तेथेच थांबणे म्हणजे अर्धीच तपासणी करणे होय.

परंतु या तपासण्यांनी एक नवा भ्रमही निर्माण केला आहे आणि त्याची दखल या संपादकीयात विस्ताराने घेणे गरजेचे आहे. अहवालावर ‘रिफाम्पिसिन प्रतिरोध नाही’ असे वाचले की रुग्णाचा क्षय ‘साधा’ आहे असे गृहीत धरले जाते. या यंत्रांच्या नेहमीच्या चिप व काडतुसे मात्र प्रतिरोधासाठी फक्त आरपीओबी या जनुकाचा एक तुकडा वाचतात. आयसोनायझिडला प्रतिरोध देणारे बदल मुख्यतः केएटीजी व आयएनएचए या जनुकांत होतात आणि ते त्यांना दिसत नाहीत. २०१४ ते २०१६ या काळातील राष्ट्रीय औषध-प्रतिरोध सर्वेक्षणात आयसोनायझिड व रिफाम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा, म्हणजे बहुऔषध-प्रतिरोधी क्षय नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्क्यांत आढळला. आयसोनायझिडला कोणत्याही स्वरूपाचा प्रतिरोध मात्र नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्क्यांत आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी २५.०९ टक्क्यांत होता. या रुग्णांना नेहमीचा उपचार दिला तर पहिले दोन महिने चार औषधांच्या बळावर सुधारणा दिसते, पण तिसऱ्या महिन्यात पायराझिनामाइड थांबले की रिफाम्पिसिनच्या सोबतीला परिणामकारक असे फक्त एथॅम्ब्युटॉल उरते आणि तेथून बहुऔषध-प्रतिरोधाचा रस्ता सुरू होतो. त्यामुळे रिफाम्पिसिनचे उत्तर आल्यावर नमुन्याचा दुसरा भाग लाइन प्रोब या तपासणीसाठी नागपूरच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो की नाही, तो बर्फाच्या पिशव्यांसह नीट बांधून वेळेत जातो की नाही आणि तेथून आलेले उत्तर रुग्णाच्या कार्डावर चढते की नाही, याचा पाठपुरावा खासगी डॉक्टरनेही करायला हवा. आयसोनायझिडला प्रतिरोध निघाला तर सहा महिन्यांच्या उपचारक्रमात त्याची जागा लिव्होफ्लॉक्सासिन घेते. खोकल्यावर आधीच तीन वेळा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही जागा भरण्याची शाश्वती राहत नाही.

याच तपासण्यांचा दुसरा गैरवापर उपचाराच्या शेवटी होतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मेलेल्या जिवाणूंचे जनुकद्रव्यही ओळखते, म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णाचा अहवालही काही काळ ‘आढळला’ असा येऊ शकतो आणि तो पाहून घाबरलेला डॉक्टर औषधे वाढवत राहतो. उपचाराची प्रगती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची जुनी तपासणी व गरज पडल्यास कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून पाहणे, हेच योग्य आहे.

प्रसाराबाबतची समजूतही घरोघर उलटी आहे. रुग्णाचे ताट, पेला, चादर वेगळी केली जाते. तोच रुग्ण पावसाळ्यात दारे-खिडक्या लावलेल्या कवेलूच्या घरात मुलांशेजारी झोपतो. क्षय ताटातून पसरत नाही, तो हवेतून पसरतो आणि ज्या खोलीत हवा खेळत नाही त्या खोलीत अधिक पसरतो. दिवाळीनंतरच्या मंडईत किंवा झाडीपट्टीच्या नाटकाला उघड्यावर जमलेल्या गर्दीपेक्षा ती खोली, आणि दवाखान्यातील पंखा लावलेले बंद प्रतीक्षागृह, अधिक धोक्याचे आहे. डॉक्टरने रुग्णाला ‘भांडी वेगळी करू नका, खिडकी उघडा’ असे सांगितले तर संसर्गही कमी होईल आणि अपमानही. घरातील इतरांची तपासणी करून प्रत्यक्ष क्षय नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध, उदाहरणार्थ रायफापेंटिन व आयसोनायझिड यांचे आठवड्यातून एकदा असे १२ डोस, देण्याची सोय आता आहे. ती पाच वर्षांखालील मुलांपुरती नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोक कोणाकडेही गेले नव्हते, आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. धानाच्या पट्ट्यात ही संख्या समजायला फारशी अडचण पडू नये. रोवणीच्या दिवसांत खोकल्यासाठी मजुरीचा एक दिवस बुडवणे परवडत नाही. बिडी वळणारा, दगडखाणीत किंवा क्रशरवर धुळीत काम करणारा माणूस तर खोकला हा कामाचाच भाग समजतो, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात साठलेल्यांना क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. अशा रुग्णाला काम काय करतो हे विचारणे ही तपासणीचीच पहिली पायरी आहे.

वजनाची नोंदही अशीच राहून जाते. चार औषधांची एकत्रित गोळी वजनाप्रमाणे द्यायची असते: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. वजन न करता ‘एका माणसाचे एक किट’ दिले तर कमी मात्रा हीच प्रतिरोधाची आणखी एक वाट ठरते आणि रुग्ण सुधारून वजन पुढच्या गटात गेले तर गोळ्याही वाढवाव्या लागतात. वजनामागे आहाराचा प्रश्नही आहे. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिल्याने त्यांच्यात नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ भंडाऱ्यात पिकतो. डाळीचा प्रश्न उरतो, आणि निक्षय पोषण योजनेचे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये झालेले अनुदान त्यासाठी आहे. खासगी डॉक्टरकडील रुग्णही त्याला पात्र आहेत, पण क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद नसेल तर तो पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. नोंद टाळण्यामागे ‘रुग्णाची बदनामी होईल’ ही सबब दिली जाते. प्रत्यक्षात तिची किंमत रुग्णाच्या घराला मोजावी लागते.

उपचार संपल्यानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण उलटलेला क्षय याच काळात वर येतो आणि तो प्रतिरोधी असण्याचा संभव नव्या रुग्णापेक्षा अधिक असतो. कामासाठी नागपूर किंवा त्याहून दूर गेलेल्या मजुराला कॅलेंडरवरची तारीख देऊन काही उपयोग होत नाही. तो रोवणीला आणि कापणीला गावी येतो, हे लाखनी तालुक्यातील प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. फेरतपासणीच्या तारखा त्याच हंगामांत लावाव्यात, दुसरा मोबाइल क्रमांक घरी राहणाऱ्या नातेवाइकाचा घ्यावा आणि गाव सोडण्यापूर्वी त्याच्या हाती निक्षय क्रमांक लिहिलेले कार्ड द्यावे, म्हणजे तो जेथे असेल तेथील सरकारी केंद्रात त्याचा जुना अहवाल उघडता येईल.